खुर्चीवरून न उठता

वसुमती कॅरमला बसली की समोरच्यानं आधी पाणी पिऊन घ्यावं, असं ओरत्तनाडूच्या तालुका कचेरीत गमतीनं म्हणत. एकदा तिच्या हाती स्ट्राइकर आला की तो आपल्याकडे परत कधी येईल याचा भरवसा नसे. तंजावरच्या मेल वीदी या रस्त्यावरच्या मराठी घरातली ही बाई रेकॉर्ड विभागात हेडक्लार्क होती. दिवसभर जमिनींचे जुने कागद चाळायची, आणि वर्षातून एकदा जिल्ह्यातल्या सरकारी कचेऱ्यांच्या स्पर्धेत भल्याभल्यांना हरवून ढाल घरी घेऊन यायची. चार वर्षं ती ढाल तिच्या घरातून हलली नव्हती.

पाचव्या वर्षी पायांनी दगा दिला.

तेव्हा तिला सेहेचाळिसावं लागलं होतं. संध्याकाळचे सहा वाजले, जरा कुठे टेकलं, की पोटऱ्यांच्या आत काहीतरी चाळवायचं. दुखायचं नाही, खाजायचं नाही, मुंग्याही नव्हेत. हाडांच्या पोकळीत कुणी सोड्याची बाटली घुसळावी तसं व्हायचं. उठून चार पावलं टाकली की थांबायचं. परत बसलं की परत सुरू. ओरत्तनाडूहून घरी येणाऱ्या बसमध्ये जागा रिकाम्या असूनही ती दांडा धरून उभी राहायची. कंडक्टरनं एकदा विचारलं तेव्हा पाठ धरली आहे असं काहीतरी सांगून मोकळी झाली.

स्पर्धेचा अंतिम सामना संध्याकाळी सात वाजता लागला. समोर ट्रेझरी कचेरीतली भुवनेश्वरी होती, उंच, शांत, एकेका सोंगटीसाठी दहा वेळा नेम बघणारी. नियम असा की बोर्ड सुरू झाला की खुर्ची सरकवायची नाही आणि पंचांची परवानगी घेतल्याशिवाय उठायचं नाही. पहिला गेम वसुमतीनं सहज घेतला. दुसऱ्यात तिच्या पायांत ते जागं झालं. तिनं एक पाय दुसऱ्याखाली दाबून धरला, बोटं आवळली, ओठ चावला. तरी गुडघा उडाला, खालच्या स्टँडला लागला आणि बोर्डावरची राणी जागची सरकली.

भुवनेश्वरीनं हात वर केला. "सर, या मुद्दाम बोर्ड हलवतायत," ती पंचांना तमिळमध्ये म्हणाली.

पंचांनी ताकीद दिली. पाच मिनिटांनी गुडघा पुन्हा उडाला. तिसऱ्यांदा तो उडणार असं कळताच वसुमती सरळ उठली आणि परवानगी न मागताच बाहेर व्हरांड्यात गेली. काचेच्या दारातून सगळ्यांना ती दिसत होती, पन्नाशीकडे झुकलेली बाई पिंजऱ्यात असल्यासारखी येरझाऱ्या घालत होती. बोर्ड भुवनेश्वरीला दिला गेला, मग गेम, मग सामना. "घाबरली," कुणीतरी म्हणालं. ते तिनं ऐकलं. पुढच्या वर्षापासून तिनं नाव दिलं नाही.

त्यानंतरची पाच वर्षं तिनं काय काय केलं नाही? नातेवाइकांतल्या थोरल्या बायकांनी सांगितलं, पाय हलवणं अवलक्षण आहे, घरात दारिद्र्य येतं, मनावर घे म्हणजे थांबेल. तिनं मनावर घेऊनही पाहिलं. एका वैद्यानं तेलं दिली. एका डॉक्टरनं शिरा फुगल्यात म्हणून पोटरीला घट्ट मोजे दिले, दुसऱ्यानं कॅल्शियम, तिसऱ्यानं झोपेची गोळी. त्या गोळीनं झोप यायची पण पाय झोपायचे नाहीत, आणि सकाळी डोकं दगडासारखं व्हायचं. चौथ्यानं तपासून झाल्यावर तिच्याशी न बोलता नवऱ्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं, या वयात बायकांच्या मनाचं असं होतं.

नवरा शिवराज शाळेत गणित शिकवायचा. माणूस अबोल, पण त्या दिवशी घरी येताना रिक्षात घरच्या जुन्या वळणाच्या मराठीत म्हणाला, "वसू, तुझ्या मनाचें मज ठाऊक आहे. हें मनाचें नव्हे."

एवढंच. त्यावर तिनं कितीतरी दिवस काढले.

मग गेल्या जूनमध्ये शिवराजच्या साखरेचा आकडा वाढला. जुने डॉक्टर निवृत्त झाले होते आणि त्यांच्या जागी कीर्तना नावाची पस्तिशीची डॉक्टरीण बसू लागली होती. संध्याकाळी साडेसहाची वेळ मिळाली. बाहेर बारा-चौदा माणसं बसलेली. वसुमती दोन मिनिटं बसली, उठली, पंख्याखालून दारापर्यंत गेली, परत आली, बसली, उठली. शिवराजचा नंबर येईपर्यंत पाऊण तास हेच चाललं होतं. आत गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी शिवराजचे कागद पाहिले, औषध बदलून दिलं, आणि पेन न ठेवताच तिच्याकडे वळल्या.

"अम्मा, तुम्ही मघापासून बाहेर चालताय. दर वेळी दार उघडलं की दिसत होतात. पाय दुखतात का?"

हाच प्रश्न तिला प्रत्येक डॉक्टरनं विचारला होता, आणि प्रत्येक वेळी तमिळमध्ये दुसरा शब्द न सुचून ती हो म्हणाली होती. मग दुखण्याचं औषध मिळायचं. आजही ती तमिळमध्ये हो म्हणाली, पण म्हणतानाच थकून शिवराजकडे वळून पुटपुटली, "दुखत नाही हो. वळवळतें. आंत, हाडांत. कसें सांगूं हिला?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. अडखळत, एकेक शब्द चाचपत त्या म्हणाल्या, "वळवळतें? माझी आजी मराठी. मज कळतें. बोलूं येत नाही."

मग पुढचं सगळं मजेशीर झालं. डॉक्टरीणबाई तमिळमध्ये विचारत होत्या आणि वसुमती मराठीत सांगत होती. पाय हलवल्यावाचून राहवत नाही असं होतं का? बसल्यावर वाढतं? चाललं की कमी होतं? संध्याकाळी जास्त आणि सकाळी जवळजवळ नाही? प्रत्येक प्रश्नाला तिची मान अशी हलत होती की शेवटच्या प्रश्नापर्यंत तिचे डोळे भरून आले. कुणीतरी तिच्या पोटरीच्या आत उतरून पाहून आल्यासारखं बोलत होतं.

"याला नाव आहे अम्मा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रेस्टलेस लेग्ज. अस्वस्थ पाय. हा आजार आहे. खोड नव्हे, आणि भीतीही नव्हे. आता सांगा, सध्या कोणकोणत्या गोळ्या घेता?"

ती म्हणाली, काहीच नाही. शिवराजनं आठवण करून दिली, "शिंकांची."

रेकॉर्डच्या खोलीतल्या धुळीनं तिला शिंका येत. म्हणून सात वर्षं ती रोज संध्याकाळी औषधांच्या दुकानातली एक पिवळी गोळी घेत होती. ती गोळी इतकी सवयीची होती की तिला ती औषध वाटतच नव्हती. डॉक्टरीणबाईंनी ती बंद करायला सांगितली. त्या जातीच्या गोळ्यांनी ही वळवळ वाढते, शिंकांसाठी नाकात मारायचा फवारा देते, म्हणाल्या. आणि रक्ताची एक तपासणी लिहून दिली.

"रक्त तर बरोबर आहे," शिवराज म्हणाला. "दर वर्षी तपासतो."

"हिमोग्लोबिन तपासता. मला लोहाचा साठा बघायचाय. रोजच्या डब्यात तांदूळ आहे म्हणून कणगी भरलेली आहे असं होत नाही ना?"

कणगी रिकामी निघाली. साठा शंभराच्या आसपास हवा होता, तिचा अकरा होता. पाळी जायच्या आधीच्या वर्षांत जे रक्त गेलं ते भरून निघालंच नव्हतं, आणि जे लोह पोटात जायचं त्यावर ती जेवण झाल्या झाल्या फिल्टर कॉफीचा डबरा-पेला रिकामा करायची. कॉफी लोह अंगी लागू देत नाही हे तिनं आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. कॉफी सकाळी एकदाच, आणि लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब, असं ठरलं. तंजावरच्या बाईला हे सांगणं म्हणजे शिक्षाच. ती हसून हो म्हणाली.

लगेच काही झालं नाही. गोळ्यांनी पोट बिघडलं, महिनाभर ती कशीबशी त्या घेत राहिली. मग डॉक्टरीणबाईंनी लोह सलाइनमधून द्यायचं ठरवलं. एका शनिवारी दुपारी ती दवाखान्यात पडून राहिली आणि बाटलीतलं तपकिरी पाणी थेंब थेंब उतरताना बघत राहिली. संध्याकाळी घ्यायची एक छोटी कॅप्सूलही मिळाली. पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी ती शिवराजवर चिडली. म्हणाली, हेंही तसेंच, आतां मज काही सांगूं नका.

शिवराजनं फक्त भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं गोल काढला. "डॉक्टरीण सहा आठवडे म्हणाली. आतां तीनच झालेत. उत्तर काढायच्या आधीं वही मिटूं नये."

पाचव्या आठवड्यात तिरुवैयारुहून त्यांच्या ओळखीच्या शेतकऱ्यानं दोन केळफुलं आणून दिली. केळफूल साफ करणं म्हणजे कंटाळवाणं काम. एकेक पाकळी उलगडायची, आतली फुलं काढायची, प्रत्येकातला कडक दांडा वेगळा करायचा. पाच वर्षं हे काम ती ओट्याशी उभी राहून करत होती. त्या दिवशी शिवराज क्लास संपवून आठला घरी आला तर वसुमती जमिनीवर मांडी घालून बसली होती. समोर फुलांचा ढीग, दुसऱ्या बाजूला पाकळ्यांचा.

तो दारातच थांबला. "कधीं बसलीस?"

"सातला असेल," ती म्हणाली, आणि हात तसाच थांबला. तिनं घड्याळ पाहिलं. मग पाय पाहिले, कुणा दुसऱ्याचे असावेत तसे. ते मुकाट पडून होते.

मग शिवराज स्टूल आणून माळ्यावर चढला आणि धूळ झटकत कॅरमचा बोर्ड खाली घेऊन आला.

शिवराज कॅरम फार वाईट खेळायचा. त्याचा स्ट्राइकर सोंगटीआधी खिशात जायचा. पण तो रोज संध्याकाळी तिच्यासमोर दीड तास बसला, चार महिने. तिचा हात बिघडला होता, नेम बोटभर चुकायचा. पाय अधूनमधून अजून चाळवायचे, विशेषतः रात्रीची झोप नीट झाली नसेल तर. डॉक्टरीणबाईंनी ते आधीच सांगून ठेवलं होतं: हा आजार पुसून जाणार नाही, काबूत राहील. वसुमतीला काबूत चाललं असतं. डिसेंबरात साठा शहाण्णव झाला. जानेवारीत पोंगलची सुट्टी संपताच तिनं कचेरीत जाऊन स्पर्धेच्या कागदावर आपलं नाव लिहिलं. शिपायापासून तहसीलदारापर्यंत सगळ्यांनी तो कागद येऊन पाहिला.

स्पर्धा पापनाशमला होती. तिनं एकामागून एक चार सामने काढले. अंतिम सामना पुन्हा संध्याकाळचा, आणि समोर पुन्हा भुवनेश्वरी. मधली सगळी वर्षं ढाल तिच्याकडेच होती.

पहिला गेम भुवनेश्वरीनं घेतला, दुसरा वसुमतीनं. तिसऱ्या गेमला सुरुवात झाली तेव्हा सव्वाआठ वाजले होते. पूर्वी या वेळेला तिचे पाय वेडे झालेले असायचे. भुवनेश्वरी एकवीस, वसुमती एकोणीस. पुढच्या बोर्डाच्या मध्यावर तिच्या डाव्या पोटरीत काहीतरी हललं. हातातला स्ट्राइकर तिनं खाली ठेवला आणि वाट बघितली. पंच बघत होते, भुवनेश्वरी बघत होती, भिंतीशी उभा असलेला शिवराज बघत होता. वसुमती आतल्या आत पायाकडे कान देऊन बसली. मग तिला कळलं, खुर्चीच्या काठावर मांडी दाबली गेली होती. साध्या मुंग्या होत्या, साऱ्या जगाला येतात तशा. तिला इतका आनंद झाला की हसू आवरेना. कोट्यवधी माणसांना येत असतील अशा मुंग्या तिलाही आल्या होत्या.

तिनं पाऊल जरा सरकवलं आणि नेम धरला. बोर्डावर भुवनेश्वरीच्या तीन काळ्या उरल्या होत्या, तिची एक पांढरी, आणि मधोमध राणी. राणी कडेला आपटून उजव्या खिशात गेली. आता लगेच ती पांढरी गेली पाहिजे, नाहीतर राणी परत बोर्डावर. पांढरी लांबच्या कडेला चिकटून होती. भुवनेश्वरीनं अशी सोंगटी दहा वेळा बघितली असती. वसुमतीनं एकदाच बघितली आणि बोट सोडलं.

सोंगटी कडेकडेनं सावकाश घरंगळत गेली, खिशाच्या तोंडाशी क्षणभर रेंगाळली आणि पडली. तीन काळ्यांचे तीन, राणीचे तीन. पंचवीस.

ओरत्तनाडूची सगळी कचेरी एकदम बोलू लागली. शिवराजनं चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला, पुसतच राहिला. भुवनेश्वरी टेबलाला वळसा घालून आली. "त्या वर्षी तुम्ही मुद्दाम करताय असं मी म्हणाले होते," ती म्हणाली.

"मला तरी कुठं ठाऊक होतं मला काय झालंय," वसुमती म्हणाली. "बसा. सांगते."

बक्षीस समारंभाला पाहुणे उशिरा आले आणि आल्यावर त्यांनी भाषण केलं. मग दुसऱ्या अधिकाऱ्यांनी केलं, मग तिसऱ्यांनी कर्मचाऱ्यांच्या आरोग्यावर खेळाचे परिणाम या विषयावर चाळीस मिनिटं केलं. हॉलमध्ये माणसं चुळबुळत होती, घड्याळं बघत होती, शेवटची बस चुकेल म्हणून मागून एकेक जण सटकत होता. पहिल्या रांगेत वसुमती हात मांडीवर ठेवून, पाय जमिनीवर टेकवून, प्रत्येक शब्द ऐकत बसली होती. शिवराजनं वाकून विचारलं, "वसू, निघायचें?"

"इतक्यांत नको," ती म्हणाली. "बसूं दे मज."