भिंतीकडे तळवे

दुकानाच्या पाटीवर एकच शब्द होता: जोडे. तोही इतक्या बारीक अक्षरांत की वाचायला माणसाला थेट दारात यावे लागे, आणि दारात येणाऱ्याला दुकान बहुधा आधीच ठाऊक असे. व्यापाराला न शोभणारा हा संकोच सासऱ्यांनी पन्नास वर्षे जपला होता. सहा वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा गेला, तेव्हापासून पुढे गल्ल्यावर सून बसे आणि मागच्या खोलीत सासरे. त्यांच्याकडे येणारे पाय सरळ नसत. कुणाचा एक पाय आखूड, कुणाचा आत वळलेला, कुणाला बोटेच नाहीत. सासरे जोडा असा शिवत की बाहेरून दोन्ही पाय सारखे दिसावेत आणि चालणाऱ्याचे गुपित चामड्याच्या आत राहावे. यासाठी प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पायाचा लाकडी साचा ते स्वतः कोरीत, आणि हे साचे मागच्या खोलीच्या भिंतीवर खुंट्यांना टांगलेले असत.

पूर्वी गिऱ्हाईक येई ते हाडांच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन. डॉक्टर निवृत्त झाले. त्यांच्या खुर्चीत आलेला तरुण डॉक्टर चिठ्ठी लिहीत नसे. "फोनवर शोधा, जवळचं मिळून जाईल," एवढेच म्हणे. माणसे फोनवर शोधीत. फोन त्यांना दोन चौक पलीकडचे काचेचे मोठे दुकान दाखवी. तिथे पाय यंत्रावर ठेवला की पडद्यावर त्याचे सप्तरंगी चित्र उमटे, आणि चित्र पाहून झाले की सर्वांना एकाच साच्यातले जोडे मिळत. फोनवरच्या त्या यादीत सासऱ्यांचे दुकान एकोणिसावे होते. अठरावे दुकान पंक्चरवाल्याचे होते.

ग्रंथालयात सूची करणारे लोक कोणते पुस्तक कोणाच्या आधी यावे यावर एकेकाळी आयुष्ये घालवीत, एकमेकांशी भांडत, पण निदान कारण देत. ही यादी कारण देत नव्हती, आणि तिला कारण विचारावे असे कुणाच्या मनातही येत नव्हते.

आठ महिन्यांत एकच नवे गिऱ्हाईक आले, तेही चुकून. मग एके दिवशी सुनेने पाहिले की सासरे चामडे कापायच्या रापीला आणि शिवायच्या आऱ्यांना तेल लावून त्या एकेक करून फडक्यात गुंडाळत आहेत.

"हे काय चाललंय बाबा?"

"गंज चढतो गं."

"वापरल्या की नाही चढत."

"वापरायला पाय लागतात, सूनबाई."

हे ते अगदी सहज बोलले. मुलगा गेल्यावर या माणसाला उभे ठेवले होते ते त्याच्या हातांनी. ते हात एकदा फडक्यात गुंडाळले गेले की बाकीचा माणूस किती दिवस पुरेल, याचा हिशेब तिने केला नाही. तो तिला नको होता.

म्हणून तिने एका सल्लागाराला बोलावले. छोट्या दुकानांना शोधात वर आणून देणे हा त्याचा धंदा होता. नकाशावर शोधले की आधी तीनच दुकाने दिसतात आणि चौथ्यापर्यंत जाण्याचे कष्ट कुणी घेत नाही, हे तो पहिल्या भेटीत इतक्या वेळा म्हणाला की सासऱ्यांनी त्याचे नाव 'पहिले तीन' ठेवून टाकले.

"शोधणाऱ्या यंत्राला तीन गोष्टी कळल्या पाहिजेत, मॅडम," तो म्हणाला. "तुम्ही काय करता, कुठे करता, आणि लोक तुमच्याबद्दल काय बोलतात."

"आमची माणसं बोलत नाहीत," आतून सासरे म्हणाले.

"बोलतं करायचं, काका."

"बोलत नाहीत म्हणून तर येतात."

पहिले तीन हसला. वडीलधाऱ्यांच्या बोलण्यावर हसायचे आणि पुढे जायचे, हे त्याच्या प्रशिक्षणात असावे.

सुनेने त्याने सांगितलेले सारे केले. पत्ता नीट भरला, वेळा भरल्या, 'चप्पल-बूट विक्री' हा वर्ग काढून 'पायांच्या व्याधींसाठी पादत्राणे' हा वर्ग टाकला. जुन्या गिऱ्हाइकांना तिने गोड बोलून विनवले की दोन ओळी लिहा, पाच तारे द्या. सगळे "हो हो, आजच लिहितो" म्हणाले आणि एकानेही लिहिले नाही. अभिप्राय एकच आला, त्या चुकून आलेल्या गृहस्थांचा: 'इथे पंक्चर काढून मिळत नाही. एक तारा.' त्याने दुकान एकोणिसाव्यावरून तेविसाव्यावर गेले.

"मग फोटो," पहिले तीन म्हणाला. "यंत्र फोटो बघतं. फोटोतली अक्षरंसुद्धा वाचतं. तुमच्याकडे असं काहीतरी असेल ना, जे त्या काचवाल्यांकडे नाही?"

असे काहीतरी होते, आणि ते कुठे आहे हे सुनेला लगेच कळले.

सासरे दात दाखवायला गेले होते त्या दुपारी ती मागच्या खोलीत भिंतीसमोर उभी राहिली. दोनशेबारा साचे. सगळ्यांचे तळवे भिंतीकडे वळवलेले, आणि खोलीकडे फक्त लाकडाची गोल, काळवंडलेली पाठ. ही इथली रीत होती. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने विचारले होते, असे उलटे का टांगता? "धूळ बसते," सासरे म्हणाले होते, आणि तिला ते पटले होते.

फोटोत मात्र ती भिंत बटाट्यांच्या राशीसारखी दिसत होती. तिने एक साचा खुंटीवरून काढून उलटा केला. तळव्यावर सासऱ्यांचे अक्षर होते. शाळेत कधी न गेलेल्या माणसाचे, आणि तरी छापल्यासारखे. वर गिऱ्हाइकाचे पूर्ण नाव, खाली साल, त्याखाली पायाची गोष्ट: 'उजवा आत वळलेला', 'अंगठा नाही', 'डावा चौदा मिलिमीटर उणा'. तिने दुसरा उलटला, तिसरा उलटला. इतके सुंदर अक्षर या माणसाने भिंतीला दाखवून ठेवले होते, याचा तिला रागच आला. दीड तासात तिने सगळे दोनशेबारा तळवे खोलीकडे वळवले, खिडकी उघडून उजेड घेतला आणि फोटो काढला. खाली ओळ लिहिली: 'पन्नास वर्षांचा विश्वास.' मग धूळ बसू नये म्हणून सगळे साचे पुन्हा पूर्ववत उलटे टांगले.

अकराव्या दिवशी दुकान तिसरे होते. यंत्राने तिचे अभिनंदन करणारा निरोप पाठवला: तुमचा फोटो चार हजार लोकांनी पाहिला. मुद्दाम वाट वाकडी करून माणसे येऊ लागली. रापी फडक्यातून बाहेर आली, सकाळी आठाला हातोडीचा आवाज पुन्हा ऐकू येऊ लागला. "तुझ्या पहिल्या तिनाला चहा पाज एकदा," सासरे म्हणाले. त्यांच्या तोंडून ही कमाल स्तुती होती. त्यांनी फोटो पाहिला नव्हता. त्यांचा फोन फक्त वाजत असे.

त्यानंतरच्या मंगळवारी, भर दुपारी, जुन्या गिऱ्हाइकांपैकी एक व्यायामशिक्षिका समोरच्या दाराने आत आली. सुनेला आधी तेच चमत्कारिक वाटले. ही बाई अकरा वर्षांची असल्यापासून इथे येत होती, आणि दरवेळी बोळातल्या मागच्या दाराने. शाळेत मुलींना पळायला शिकवणारी, शिट्टी गळ्यात, चाल अशी की रस्त्यात माणसाने बाजूला व्हावे.

"काका आहेत?" तिने विचारले.

"आहेत ना. बसा, जोडा झिजला का?"

"माझा साचा न्यायला आलेय."

सासरे हात पुशीत बाहेर आले. "कशाला गं? साचा घरी नेऊन काय करशील, खुंटी ठोकशील?"

तिने उत्तर न देता फोन त्यांच्यासमोर धरला. सासऱ्यांनी चष्मा वर सरकवला. सुनेने त्यांना चित्र पाहताना पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हलले नाही. फक्त हातातले फडके त्यांनी हळूहळू गल्ल्यावर ठेवले, जणू ते फार जड झाले होते.

"मुख्याध्यापिका बाईंनी दाखवला," शिक्षिका म्हणाली. "त्यांना मुलींसाठी बूट हवे होते, जवळचं दुकान शोधत होत्या. तिसऱ्या ओळीत माझं नाव. डावा चौदा उणा. तुमचं अक्षर स्वच्छ आहे काका, मोठं करूनही बघावं लागलं नाही."

"काय म्हणाल्या?"

"कौतुक केलं. इतकी वर्षं कळूसुद्धा दिलं नाहीस, धन्य आहेस म्हणाल्या. मग म्हणाल्या, आता तुला उन्हात पळवणं बरं नाही. सोमवारपासून मला ग्रंथालय दिलंय. खुर्चीला उशीसुद्धा दिलीय."

क्रूरपणाला निदान उत्तर देता येते. माणसे दयाळूपणे आपल्याला मैदानातून उचलून उशीवर ठेवतात, तेव्हा त्यांचे आभार मानावे लागतात.

"वहिनी, चूक तुमची नाही म्हणायला आले असते," ती सुनेला म्हणाली, "पण ती तुमचीच आहे." आवाज मुळीच चढला नव्हता. सासऱ्यांनी साचा आणून दिला. तिने तो वर्तमानपत्रात गुंडाळला आणि समोरच्याच दाराने, सगळ्या रस्त्यादेखत, नेहमीच्या ताठ चालीने निघून गेली.

सून सासऱ्यांकडे वळली.

"बाबा, मला ठाऊक नव्हतं. तुम्ही धूळ म्हणाला होता."

"हो."

"खरं का नाही सांगितलंत?"

"खरं सांगायचं तर दोनशे जणांचं सांगावं लागलं असतं," ते म्हणाले. "तू नवीन होतीस. मला वाटलं, धूळ पुरेल." मग म्हणाले, "माझंही चुकलं. नावं लिहायला नको होती. पण नाव नसलं की तो नुसता आजार टांगल्यासारखा वाटायचा गं."

तिने त्याच क्षणी फोटो काढून टाकला, आणि पाच मिनिटांत तिला कळले की तो गेलेला नाही. एका हौशी माणसाने तो आपल्या अभिप्रायात जोडला होता: 'काय दृश्य आहे! अवश्य भेट द्या. पाच तारे.' तिने पहिल्या तिनाला फोन केला.

"दुसऱ्याने टाकलेला आपल्याला काढता येत नाही, मॅडम. तक्रार टाका, बघतात ते."

"कधी?"

"बघतात. पण खरं सांगू का, तुम्ही वर आहात ते त्याच फोटोमुळे. दोन हजार लोकांनी तर तो मोठा करून पाहिलाय."

"मोठा करून," ती म्हणाली.

"हो ना!" त्याच्या आवाजात खरा आनंद होता.

"आमचं पानच खाली जावं, कुणाला शोधात दिसूच नये, असं काय करता येईल?"

इंजिनियराला पूल कसा पाडायचा असे कुणी विचारावे, तसे त्याला वाटले असावे. "दुकान कायमचं बंद झालं असं नोंदवलं, तर जवळच्या यादीतून जाईल," तो म्हणाला. "नाव माहीत असलं तरच सापडेल. पण मॅडम, असं कुणी करत नाही."

ती आत गेली. सासरे काम करीत होते. नव्या गिऱ्हाइकाचा, तिसऱ्या क्रमांकामुळे आलेल्या माणसाचा जोडा. हातोडी पडत होती, एका लयीत, आठ महिन्यांत पडली नव्हती तशी. तिने त्यांना सगळे सांगितले. आजपासून नवे कुणी येणार नाही, हेही सांगितले.

हातोडी थांबली. "भिंतीवर किती आहेत?" त्यांनी विचारले.

"दोनशेअकरा."

"मग मला काय विचारतेस?" ते म्हणाले, आणि हातोडी पुन्हा पडू लागली, पण लय तीच राहिली नाही, हे तिला ऐकू आले.

तिने 'कायमचे बंद' हा पर्याय निवडला. यंत्राने नम्रपणे विचारले: हे ठिकाण खरोखर बंद आहे का? तुमच्या उत्तरामुळे इतरांना मदत होईल. आतल्या ठोक्यांच्या आवाजात तिने 'होय' दाबले.

त्या आठवड्यात आणखी सात जण आपले साचे घेऊन गेले. चौघे काही बोलले नाहीत. बाकीचे न बोलते तर बरे झाले असते. जे आले नाहीत त्यांना फोटो दिसलाच नसेल, अशी सुनेने स्वतःची समजूत घातली. सासरे उरलेल्या तळव्यांवरची नावे काचकागदाने घासून काढू लागले. दिवसाला दहा.

सोमवारी समोरच्या दारात एक बाई उभी राहिली, बरोबर नऊ-दहा वर्षांची मुलगी. मुलीच्या एका बुटात टाचेखाली घडी केलेला पुठ्ठा कोंबलेला होता, त्याची कड बाहेर आली होती.

"फोनवर कायमचं बंद दाखवतंय," बाई म्हणाली. "तरी म्हटलं, जाऊन बघावं. हिने सोडलंच नाही. पंधरा दिवस रोज तो फोटो काढून बघते. म्हणते, एवढ्या जणांचे आहेत आई, माझ्यासारखे. तेव्हापासून शाळेत जाताना रडत नाही."

चार हजार लोकांनी फोटो पाहिला म्हणून यंत्राने सुनेचे अभिनंदन केले होते. या एका गोष्टीबद्दल त्याने काही कळवले नव्हते.

"मागच्या दाराने या," ती म्हणाली. "बोळातून, डावीकडे."

मागच्या खोलीत सासऱ्यांनी काचकागद बाजूला ठेवला, मुलीला स्टुलावर बसवले आणि तिचा पाय हातात घेतला. मुलीचे लक्ष त्यांच्याकडे नव्हते. ती मान वळवून भिंतीकडे पाहत होती: काळवंडलेल्या गोल पाठी, मध्ये आठ रिकाम्या खुंट्या.

"नावं कुठे गेली?" तिने विचारले. "फोटोत नावं होती. मला माझ्यासारखं कोण ते वाचायचं होतं."

सासऱ्यांनी मान वर केली नाही. उत्तर त्यांनी सुनेवर सोडले होते.

"उलटी ठेवलीयत," सून म्हणाली. "धूळ बसते म्हणून."

मुलीला ते पटले.