मधल्या रॉडचं तोंड गोड

मागच्या वर्षी करजगीच्या ट्रॅक्टर-ओढीत माझ्या ट्रॅक्टरचा मधला कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनचा दांडा, तुटला आणि इंजिनाची कूस फाडून बाहेर आला. हात जाईल एवढं भोक पडलं. त्या दिवसापासून आमचं अख्खं मादन हिप्परगा गाव मला खिडकी म्हणतंय. ज्यांना स्वतःच्या मोटारसायकलीला धड किक मारता येत नाही, तेसुद्धा. परवा एक लग्नपत्रिका आली. वर नाव, वीरेश खिडकी. छापलेलं.

यंदाची ओढ आमच्याच गावात होती. दोन ट्रॅक्टर पाठीला पाठ लावून साखळीनं बांधायचे, जो दुसऱ्याला फरफटत नेईल तो जिंकला. मी ठरवलं, हे नाव पुसायचं, नाहीतर ट्रॅक्टर विकून शेळ्या पाळायच्या.

राजेश्वर गावचा निंगप्पा मिस्त्री इंजिन बांधायला आला. दुकानदार ओतीव पिस्टन गळ्यात मारत होता, तर निंगप्पानं त्याला दुकानातच झापलं. ओतीव माल नांगराला ठीक आहे. आपण डिझेल वाढवणार, हवा कोंबणार, तिथं ठोकून घडवलेलाच माल टिकतो. मी तीन पिस्टन, तीन रॉड, सगळे घडीव घेतले. रॉड असले दणकट की माझ्या आईनं, निलम्मा अव्वानं, विचारलं, मुसळं कामून आणलीस.

पुढं निंगप्पानं नवीनच काढलं. तिन्ही रॉडचं वजन ग्रॅमाला ग्रॅम सारखं पाहिजे, नाहीतर इंजिन थरथरून मरतंय. असला काटा गावात एकट्या महेशकुमार सराफाकडं, चांदी तोलायचा. गेलो. नथ घ्यायला आलेल्या सोजराबाईनं रॉड बघून विचारलं, ही बुगडी कोणत्या म्हशीची. तिन्ही रॉड सारखे भरले. पिस्टनही.

दुसऱ्या दिवशी बसवायच्या आधी खात्री म्हणून तोलले, तर मधला दोन ग्रॅम जास्त. निंगप्पानं घासून कमी केला. तिसऱ्या दिवशी परत दोन ग्रॅम जास्त. परत घासला. लोखंडाचा रॉड रात्रीतून अंग धरतोय म्हणजे काय? निंगप्पा म्हणाला काटा खोटा आहे. सराफ असा भडकला की आम्हाला चप्पल घालायलाही वेळ मिळाला नाही.

चौथ्या दिवशी हातापाया पडून परत गेलो. रॉड ठेवला, आणि काट्यावर मुंग्या चालायला लागल्या. रांगेनं. रॉडच्या पोटातून तेल जायला एक लांब बारीक भोक असतंय, त्यातून निघत होत्या.

निंगप्पानं तार घातली. गूळ निघाला. विभूती मळलेला गूळ.

घरी येऊन अव्वाला विचारलं. ती जराही लाजली नाही.

"मागच्या साली मधल्यानंच दगा दिला न्हवं? म्हणून रोज त्याचं तोंड गोड करायलेय."

"अव्वा, ते तोंड न्हाई, तेलाची वाट हाय," निंगप्पा रडकुंडीला आला होता. "वाट बंद झाली असती तर ह्यो परत बाहेर आला असता."

"गोड खाऊन कुणी घर सोडून जात न्हाई," अव्वा म्हणाली.

गूळ काढल्यावर मधला चार ग्रॅम हलका भरला. वाढलेलं वजन गुळाचं, आणि आम्ही दोन दिवस लोखंड घासलं होतं. मग बाकीचे दोन घासत बसलो. अव्वाच्या खोलीला बाहेरून कडी घालून.

ओढीत माझ्यासमोर आळंदचा जगदेवप्पा, ट्रॅक्टर हत्तीएवढा. मी अ‍ॅक्सिलरेटर दाबला. इंजिन थरथरलं नाही, खोकलं नाही, सरळ ओढायला लागलं. जगदेवप्पा रेघ ओलांडून मागं आला, मी जिंकलो, आणि तेवढ्यात त्याचा हूक तुटला. मोकळा सुटलेला माझा ट्रॅक्टर जो उधळला, तो समोरच्या खताच्या गोदामाची भिंत फोडून आत गेला.

धूळ बसली. निंगप्पा पळत आला. मी जिवंत आहे का, हे त्यानं विचारलंही नाही. इंजिनाच्या कुशीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "भोक न्हाई."

पडलेल्या भिंतीतून सोजराबाई आत डोकावली. तिनं भोक वरपासून खालपर्यंत नीट बघितलं.

"ह्याला काय खिडकी म्हणत न्हाईत, वीरेश. ह्यो दरवाजा हाय."

काल बारशाची पत्रिका आली. वर नाव, वीरेश दरवाजा. खिडकी पुसली, एवढं खरं.