घागरीतला नवरा

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली आणि प्रकाशा गावाला अशी गर्दी लोटली, की ती बघायला तापीमायसुद्धा काठाला टेकून घटकाभर थांबली, म्हणतात. घाटावरच्या महादेवाला कुणी विचारेना. जो तो घागरबुवाच्या मठीकडे पळत होता, कारण मठीच्या ओट्यावर शेंदूर फासलेली एक घागर होती आणि ती घागर बोलत होती!

साधंसुधं नाही, मेलेली माणसं बोलत होती तिच्यातून. एकाच्या आईनं आतून सांगितलं, "धाकल्या, वांगाले मीठ जास्ती टाकत जाऊ नको." दुसऱ्याचा आजा बोलला. तिसऱ्याचा म्हणे मेलेला बैल हंबरला, आणि मालकानं तिथल्या तिथं घागरीपुढं कडब्याची पेंढी ठेवली. भक्ती म्हणतात ती ही!

घागरबुवा शेजारी मृगाजिनावर बसलेला. कुठून आला, कुणाला ठाऊक नाही. स्वतः सांगायचा, हिमालयातून. पण पोट असं, की हिमालयात काय खाऊन वाढलं असेल ते हिमालयालाच माहीत.

"बच्चा, आत्मा वायुरूप आहे," तो डोळे मिटून सांगे. "घागर रिकामी पाहिजे. पाण्यात आत्मा गुदमरतो. आणि घागर माझीच, मंतरलेली. घरची चालणार नाही. ओट्याला हात लावाल तर हात झडेल!"

हात झडेल म्हटल्यावर कोण लावतो?

जसोदाबाई मागच्या रांगेत उभी होती. गुजर शेतकऱ्याची विधवा. नवरा दगाजी गेल्यापासून केळीची बाग आणि कपाशी एकटीनं सांभाळलेली, जीभ विळ्यासारखी. ती आली होती नुसती गंमत बघायला. पण बुवानं तिच्याकडंच बोट केलं, आणि घागर घुमली.

"जसोदा... वं जसोदा... मी दगा बोली ऱ्हायनू."

बायाबापड्यांनी हात जोडले. जसोदाबाईनंही जोडले. कितीही जीभ चालवली तरी नवऱ्याचं नाव ऐकून बाईचं काळीज हलायचंच.

"आयक जसोदा," घागर पुढं म्हणाली. "सोमीबाई डाकीण शे. सुगंधानं पोर तिनीच खादं. आखाजीले पितरसले घास टाका आनि तिले तापीपार हाकली द्या. नही ते एकबी पोर वाचाव नही!"

गर्दी मागं सरकली. मग एक बाई किंचाळली. सुगंधाबाई तिथंच बसली होती, रडून डोळे सुजलेले. तापानं तिचं तान्हं पोर नुकतंच गेलं होतं.

आता ही सोमीबाई कोण? भिलाटीतली, म्हणजे भिल्लवस्तीतली, सुईण. निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलेलं. तिचा गुन्हा एवढाच, की सुगंधाच्या घरी जाऊन ती म्हणाली होती, "बुवानी राख चाटाडू नका, पोरले पाणी पाजा." राख चाटवली, पाणी दिलं नाही. पोर गेलं. आणि डाकीण कोण? सोमीबाई! बुवाचा न्याय असा.

जसोदाबाई घरी आली तर सोमीबाई गोठ्यात दडून बसलेली.

"जसोदाबाई, तुन्हा धनी मन्हावर असा काबर उलटना वं?" ती रडत म्हणाली. "त्यानी पोऱ्हे मीच काढ्यात ना?"

जसोदाबाईनं तिला भाकरी दिली. तिच्या स्वतःच्या डोक्यात एकच खुटखुट चालली होती. मग एकदम तिनं मांडीवर थाप मारली.

"सोमी! त्यानी माले जलमभर कधी नाव लई हाक मारी का वं?"

"नही बा. 'अवं, आयकस का' करे."

"मंग मरी गया ते लाज बी सोडी दिधी का त्यानी? सगळा गावपुढे जसोदा, जसोदा! जित्ता व्हता तवय सासूपुढे मन्हाकडे देखे बी ना!"

संशय आला खरा, पण नुसत्या संशयानं बाई वाचत नाही. घागर बोलते, हे तर सगळ्यांनी कानांनी ऐकलेलं.

योगायोग असा, की दुसऱ्याच दिवशी गावात पुण्याचे एक प्रोफेसर आले. त्यांच्या कॉलेजानं उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रोफेसर लोकांना गावोगाव धाडायचं काढलं होतं. कॉलेजात जे शोध लागतात ते रयतेलाही कळावेत म्हणून. हे वझे प्रोफेसर नंदुरबारला आगगाडीतून उतरले आणि बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घेत प्रकाशाला पोचले. संध्याकाळी देवळाच्या पटांगणात व्याख्यान सुरू झालं.

"ध्वनी म्हणजे माध्यमातील कंपनांचे संक्रमण," प्रोफेसर म्हणाले.

पुढच्या रांगेतला एक म्हातारा घोरायला लागला. त्याचंही संक्रमण झालं, रांगच्या रांग घोरायला लागली.

मग प्रोफेसरांना सुचलं. त्यांनी पेटीतून लांबलचक रबरी नळी काढली, दोन्ही टोकांना तेलाची नरसाळी लावलेली. एक टोक जसोदाबाईच्या कानाला दिलं आणि दुसरं तोंडाशी धरून ते पिंपळाआडून बोलले. जसोदाबाई ओरडली, "अय माय! हाऊ भट मन्हा कानमा शिरना!"

पटांगण खडबडून जागं झालं. जो तो नरसाळं ओढायला लागला. पण जसोदाबाईनं कानाचं नरसाळं सोडलं नाही. तो घुमल्यासारखा, लांबून आल्यासारखा आवाज तिनं कालच ऐकला होता.

"भाऊ," तिनं विचारलं, "ह्या नळीत पाणी ओतं ते?"

"आवाज बुडेल, बाई. आणि पाणी बोलणाऱ्याच्या तोंडात जाईल." प्रोफेसर हसले.

जसोदाबाईही हसली, पण वेगळ्याच गोष्टीला.

तेवढ्यात मागून घागरबुवा उठला. "धन्य! पुण्याच्या प्रोफेसरसाहेबांनी शास्त्रानं सिद्ध केलं! आवाज दुरून येतो, बोलणारा दिसत नाही. पितरही तसेच. कॉलेजला जे आज कळलं, ते आमच्या घागरीला युगायुगांपूर्वी ठाऊक!"

लोकांनी जयजयकार केला. प्रोफेसर "अहो, नाही, तसं नव्हे, माध्यम..." म्हणत राहिले. माध्यम कोण ऐकतो? गाव उठून मठीकडे निघालं, आधीपेक्षा दुप्पट खात्रीनं. आता घागरीला कॉलेजचा शिक्का बसला होता!

प्रोफेसर डोकं धरून बसले. "मी यांना शहाणं करायला आलो, आणि त्याच्याच झोळीत माप टाकलं."

"रडू नका भाऊ," जसोदाबाई म्हणाली. "सकाये आखाजी शे. मन्हा संगे या."

आखाजीला आपल्याकडं घरोघर पितरांची घागर पुजतात. आणि ती भरतात. उन्हाळ्याचे पितर तहानलेले येतात, त्यांना पाणी नको का? रिकामी घागर पितरापुढं ठेवणं म्हणजे पाहुण्याला पाटावर बसवून ताटच न वाढणं. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण बुवानं "रिकामी ठेवा" म्हटलं आणि गाव आखाजीच विसरलं!

सकाळी मठीपुढं पाय ठेवायला जागा नव्हती. सोमीबाईला गोठ्यातून धरून आणलं होतं, लुगड्याचा पदर फाटलेला. बुवानं हात वर केला. घागर घुमली, "जसोदा... मी दगा..."

"उनात का धनी?" जसोदाबाई पुढं झाली. डोक्यावर भरलेला हंडा. "आज आखाजी. तुमले तहान लागनी व्हई."

"खबरदार!" बुवा ओरडला. "घागरीत पाणी नाही घालायचं!"

"काबर? मन्हा धनीले आखाजीले पानी नको?" ती गर्दीकडं वळली. "सांगा रे, कोन्हा घर पितरनी घागर रिकामी शे?"

म्हातारे एकमेकांकडं बघायला लागले. एक जण चाचरत म्हणाला, "महाराज, पानी ते देनंच पडस."

बुवा उठेपर्यंत तिनं हंडा उपडा केला होता. नुसतं पाणी नव्हतं बरं का. दगाजीला तिखट फार आवडायचं, म्हणून तिनं त्यात मूठभर लाल मिरची कालवली होती. नवऱ्याची आवड बायकोनं जपायला नको?

"जसोदा, त्या डाकीनले... गुड... गुडगुड... अऽऽक् छीः!"

घागर शिंकली! एकदा नाही, सारखी! ओतलेलं पाणी घागरीत राहीना, सगळं कुठंतरी गडप होत होतं. मग मठीच्या मागच्या खोलीतून कुणी तरी बोंबलत बाहेर आलं. डोळे लाल, नाकातोंडातून पाणी, आणि श्वास अडकलेला. बुवाचा चेला धुडकू, याच गावचा!

तो जमिनीवर कोसळला. लोक मागं सरकले. पुढं सरकली फक्त सोमीबाई. ज्यांनी दंड धरला होता त्यांना झटकून ती आली, धुडकूला पालथा केला आणि पाठीत अशा थापा घातल्या, की पाणी बाहेर आणि श्वास आत.

"खोक रे मुडद्या," ती म्हणाली. "तुले बी मीच तुन्ही मायना पोटमाईन काढेल शे. तवयबी असाच अडकना व्हता."

धुडकूनं तिचे पाय धरले. बुवा मात्र केळीच्या बागांतून पसार झाला. हिमालय त्या दिशेला नाही, पण त्याला कोण सांगणार?

प्रोफेसरांनी ओटा फोडायला लावला. घागरीच्या बुडाला भोक, भोकाखाली आरपार पोखरलेला बांबू, ओट्यातून भिंतीपलीकडं गेलेला. खोलीच्या जमिनीत खड्डा आणि खड्ड्यात धुडकूची बसायची गोधडी. या वेळी प्रोफेसर ध्वनी, कंपन, माध्यम काही म्हणाले नाहीत. बांबू हातात घेऊन एवढंच बोलले, "यातून बोलत होता. पाणी गेलं, बोलणं थांबलं." सगळ्यांना कळलं. एकही माणूस घोरला नाही.

सुगंधाबाई उठली. सोमीबाईचा फाटका पदर तिनं हातात घेतला आणि तिच्या खांद्यावर नीट घातला. पोर काही परत येणार नव्हतं. पण पुढच्या वेळी गावात ताप आला, तेव्हा राख कुणी चाटवली नाही, पाणी पाजलं.

तेव्हा बायांनो, बाप्यांनो, मेलेलं माणूस बोललं तर खुशाल ऐका. फक्त ते कुणाला मारा, कुणाला हाकला असं सांगायला लागलं, की हात जोडू नका. त्या हातांनी आधी हंडा उचला आणि घागरीत पाणी ओता. खरा पितर असेल तर पिईल. माणूस असेल तर शिंकेल.