सातवं पहिलं पुस्तक

अदेनिल्सनच्या पलंगाखाली पुठ्ठ्याचं एक खोकं होतं. त्यात सहा पुस्तकं, दोन पेन्सिली, एक खोडरबर आणि इंग्रजीच्या क्लासची पाच ओळखपत्रं होती. सहावं हरवलं होतं. क्लास सहा वेगवेगळे, पण पुस्तकं सगळी ‘पहिलं पुस्तक’. प्रत्येकात पेन्सिलीने सोडवलेली पानं अशी: अडतीस, एकेचाळीस, छत्तीस, चाळीस, अडतीस, एकोणचाळीस. त्यापुढची पानं कोरी, काही तर छापखान्यात कापायचीच राहून एकमेकांना चिकटलेली. सरासरी त्याने काढून ठेवली होती, अडतीस पूर्णांक सात दशांश.

मोजणं हा त्याचा धंदाच होता. गोव्हेर्नादोर वालादारेस शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात तो अकरा वर्षं नदीच्या पाण्याचा गढूळपणा मोजत होता. दर दोन तासांनी बाटली भरायची, यंत्रात ठेवायची, आकडा वहीत उतरवायचा. इतक्या वर्षांत त्याने वहीत एकही आकडा मनाने घातला नव्हता. एकदा यंत्र बंद पडलं, तेव्हा त्या रकान्यात ‘मोजलं नाही’ असं लिहून खाली सही केली, आणि साहेबांची बोलणी मुकाट्याने ऐकून घेतली.

इंग्रजीचं मात्र वेगळं होतं. ज्या घरातलं कोणीच अमेरिकेत नाही असं घर वालादारेसमध्ये शोधावं लागे, आणि असं एक घर अदेनिल्सनचं होतं. निदान भाषा तरी यावी म्हणून तो विसाव्या वर्षी पहिल्या क्लासला गेला. रंग, नातेवाईक, फळं, शरीराचे अवयव, घड्याळ, रोजची कामं, सगळं झटपट आलं. मग पान अडतीसच्या आसपास वाक्प्रचार सुरू झाले. शब्द सगळे ओळखीचे, आणि वाक्य परक्या माणसासारखं बघत उभं. ‘हवामानाच्या खाली असणं’ म्हणजे म्हणे बरं नसणं, आणि ‘गवतावर आपटणं’ म्हणजे झोपायला जाणं. दोन आठवडे त्याने तग धरला. मग पाळी बदलली म्हणून क्लास सोडला. दुसऱ्यांदा आईचं आजारपण, तिसऱ्यांदा गुडघा. वर्ष-दोन वर्षं गेली की दुसऱ्या गल्लीतला नवा क्लास, नवं पहिलं पुस्तक, आणि पुन्हा पान एक. पान एकवर तो राजा होता.

सातव्या क्लासला तो दोन हजार नऊच्या मार्चमध्ये बसू लागला. शिकवणारी कैला चोवीस वर्षांची होती. तिला सगळे टीचरच म्हणत. पहिल्याच दिवशी तिने छत्री उंच धरली, आणि कोणी तोंड उघडायच्या आत अदेनिल्सनने रंगासकट पूर्ण वाक्य सांगितलं.

‘‘अदेनिल्सन, खरं सांगा, आधी कुठे शिकलात?’’

‘‘कुठेच नाही, टीचर.’’

‘‘टीचर, ह्याला बाहेर काढा हो!’’ मागून उएलिंतन ओरडला. तो मोटारसायकलवरून सवारी नेणारा, हेल्मेट मांडीवर घेऊन बसायचा. ‘‘आमचं नाक कापतोय हा. प्रोफेसर कुठला!’’

वर्ग हसला. अदेनिल्सनच्या कानाच्या पाळ्या तापल्या, पण ते ‘प्रोफेसर’ त्याला गोड लागलं, हेही खरं.

त्याच्या बाकावर झुल्मिराबाई बसत; त्यांना सगळे मानाने दोना झुल्मिरा म्हणत. इस्पितळाच्या धुलाईखान्यात तीस वर्षं चादरी धुतलेली बाई, वय त्रेसष्ट. येताना डब्यातून पिठाची गोल कुरकुरीत कडी आणत आणि शब्द आठवला नाही की एक कडं तोंडात टाकत. ‘‘तोंड भरलेलं असलं की टीचर विचारत नाही,’’ त्या म्हणत. अदेनिल्सन त्यांना वहीच्या कडेला उत्तर लिहून देई. त्या खाली बघून वाचत, आणि बरोबर आलं की त्याच्या पाठीवर धपाटा घालत.

एप्रिलच्या शेवटी, सातवा धडा संपला तेव्हा त्या सायकलींपाशी थांबल्या.

‘‘पोरा, एक काम आहे. माझा लेक जोझुए तिकडे अमेरिकेत रंगकाम करतो, तुला ठाऊक आहे. कागद नाहीत, त्यामुळे त्याला आणि सुनेला येता येत नाही. आले तर परत जाता यायचं नाही. पण पोरगी तिकडे जन्मलेली. ब्रिआना. सात वर्षांची. जुलैत महिनाभर माझ्याकडे पाठवतो म्हणतोय, एक ओळखीची बाई येणार आहे, तिच्याबरोबर.’’

‘‘चांगलं झालं की!’’

‘‘कुठलं चांगलं. पोरीला आपली भाषा येत नाही. ती म्हणते, आधी मी एकटी आजीशी बोलणार. बाबा मधे नको, तो सगळं गोड करून सांगतो. तिला भीती वाटली तर ती यायची नाही, आणि तिकीट काढायचं नाही. रविवारी तीन वाजता, कोपऱ्यावरच्या इंटरनेटच्या दुकानात. तू शेजारी बसशील?’’

अदेनिल्सनला ‘नाही’ म्हणता आलं असतं. पण तो म्हणाला, ‘‘बसेन की.’’

रविवारी दोना झुल्मिरांनी केस बांधून निळा झगा घातला होता. दुकानात पंखा फिरत होता आणि शेजारच्या संगणकावर गोळीबाराचा खेळ चालू होता. पडद्यावर एक मुलगी आली, पुढचा एक दात पडलेली, गंभीर. चित्र मधूनमधून गोठत होतं.

सुरुवात झकास झाली. नाव काय, वय किती, घराचा रंग कोणता. अदेनिल्सनने आजीला त्यांच्या पोर्तुगीजमध्ये सांगितलं, पोरीला इंग्रजीत उत्तर दिलं. दोना झुल्मिरांनी टेबलाखाली त्याचा गुडघा दाबला. तीन मिनिटं झाली होती; पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे त्याचं लक्ष होतं.

मग ब्रिआना खुर्चीत पुढे सरकली आणि हळू आवाजात एक लांबलचक वाक्य बोलली. त्यातून त्याला दोन शब्द सापडले, ‘तू’ आणि ‘आई’. बाकी सगळं गढूळ.

‘‘काय म्हणाली?’’ दोना झुल्मिरांनी विचारलं.

‘‘ती... आई स्वयंपाक करते म्हणाली. तुम्ही करता का, विचारते.’’

‘‘सांग तिला, करते की! रोज करते!’’

अदेनिल्सन पडद्याकडे वळला. आठव्या धड्यात रोजच्या सवयी होत्या. त्याने हसून, स्वच्छ उच्चारात सांगितलं, ‘‘येस. एव्हरी डे.’’

मुलगी त्याच्याकडे बघत राहिली. चित्र गोठलं असेल असं त्याला वाटलं, पण तिच्या मागचा पडदा वाऱ्याने हलत होता. मग ती उठली, आणि समोर नुसती खुर्ची उरली. एकूण चार मिनिटं वीस सेकंद.

‘‘लाजाळू आहे,’’ दोना झुल्मिरा म्हणाल्या. ‘‘माझ्यावर गेलीय.’’ दुकानाबाहेर त्यांनी त्याला बळेबळे उसाचा रस पाजला.

मंगळवारी त्या क्लासला आल्या नाहीत. गुरुवारी आल्या तेव्हा डबा नव्हता. कैलाने विचारलं तसं सांगितलं, ‘‘नात येत नाही. जोझुएचा फोन आला. पोरीने म्हणे विचारलं होतं, मी तिथे आईची आठवण येऊन रडले तर तू रागावशील का. तर तिला ऐकू आलं, हो, रोज.’’

उएलिंतन हेल्मेटच्या काचेवर बोट फिरवत बसला.

‘‘दुकानातली लाइनच दळभद्री,’’ दोना झुल्मिरा म्हणाल्या. ‘‘ह्या बिचाऱ्याने तर जीव तोडून केलं. नाही का रे?’’

आमच्याकडे अपमान मुकाट्याने सोसला की बेडूक गिळला म्हणतात. अदेनिल्सनने त्या दिवशी जो गिळला तो अपमानाचा नव्हता, मायेचा होता, आणि तो खाली उतरेना. त्याने मान हलवली. ‘हो’ अशी की ‘नाही’ अशी, त्याचं त्यालाच कळलं नाही. शुक्रवारी पाळीवर तो बाटल्या भरून आकडे उतरवत राहिला. वहीत प्रत्येक आकडा खरा, आणि एका पोरीला मात्र त्याने मनाने घातलेला आकडा दिला होता.

शनिवारी सकाळी त्याने खोकं सायकलच्या मागे बांधलं आणि दोना झुल्मिरांच्या घरी गेला. त्या परसात पेरूखाली तीन-चार घमेली धुणं घेऊन बसल्या होत्या. निवृत्त झाल्या तरी हात स्वस्थ बसत नव्हते. त्याने सहाही पुस्तकं कट्ट्यावर मांडली.

‘‘हे काय? दुकान काढतोस?’’

‘‘माझी आहेत. हा माझा सातवा क्लास. लाइन चांगली होती, दोना झुल्मिरा. तिने काय विचारलं ते मला कळलंच नाही. मी बनवून सांगितलं.’’

त्यांनी हात झग्याला पुसले. एकेक पुस्तक उघडून जिथे पेन्सिल संपत होती ते पान बघितलं. सहावं मिटून त्या म्हणाल्या, ‘‘म्हणजे वासरांत लंगडी गाय शहाणी म्हणतात, ती गाय तू होय! आणि मी टीचरला सांगत फिरते, हा पोरगा देवाची देणगी आहे म्हणून.’’

तो खाली फरशीकडे बघत होता. फरशीवर साबणाचं पाणी वाहत होतं.

‘‘माझा नवरा नऊ वेळा दारू सोडून घरी आला,’’ त्या म्हणाल्या. ‘‘दर वेळी पहिला आठवडा असा गुणाचा, की शेजारणी मला म्हणायच्या, भाग्यवान गं बाई तू! पहिला आठवडा काय कोणालाही जमतो रे.’’

मग त्यांनी पहिल्या पुस्तकाचं पान चार काढलं आणि ओल्या बोटाने शेवटची ओळ दाखवली. ‘मला समजलं नाही. कृपा करून पुन्हा सांगा.’ खाली तेच वाक्य पेन्सिलीने तीनदा गिरवलेलं. दुसऱ्या पुस्तकातही तसंच, तिसऱ्यातही.

‘‘सहा त्रिक अठरा वेळा लिहिलंस. तोंडाने किती वेळा बोललास?’’

त्याने खरंच आठवून पाहिलं. ‘‘एकदाही नाही.’’

‘‘मोठा प्रोफेसर!’’ त्यांनी पुस्तक मिटलं. त्यांचे डोळे भरले होते, आणि ते त्याच्यामुळे भरले होते. शेवटी नाक ओढून त्या म्हणाल्या, ‘‘जोझुएच्या पाया पडून उद्याची वेळ मागते. मी बोलणार. तू मागे बसायचंस, आणि तोंड उघडायचं नाही.’’

‘‘आधी एकदाच उघडू द्या. मग नाही.’’

रविवारी ब्रिआना पडद्यावर आली ती खुर्चीत अर्धवट वळून, जणू कधीही उठून जाईल. अदेनिल्सन वाकून पुढे आला. ‘मी चुकलो’ म्हणायला लागणारा भूतकाळ पान अडतीसच्या पलीकडे होता. त्याच्यापाशी होता तिसरा धडा: हे पुस्तक माझं आहे, हे पुस्तक आजीचं नाही. तेवढ्यावरच त्याने भागवलं. ‘‘मला इंग्रजी येत नाही,’’ तो इंग्रजीत म्हणाला. ‘‘ते ‘येस’ माझं आहे. ते ‘येस’ आजीचं नाही.’’ शेजारचा खेळणारा मान वळवून बघू लागला. अदेनिल्सन मागे जाऊन स्टुलावर बसला.

ब्रिआना खुर्चीत सरळ वळून बसली. मग तिने आपला प्रश्न पुन्हा विचारला.

‘‘समजलं नाही,’’ दोना झुल्मिरा पान चारच्या इंग्रजीत म्हणाल्या. ‘‘पुन्हा सांग.’’

तिने सांगितलं.

‘‘समजलं नाही. पुन्हा सांग.’’

अदेनिल्सन बोटांवर मोजत होता. चौथ्यांदा मुलीने कपाळाला आठ्या घातल्या. सातव्यांदा ती ओरडूनच बोलली. अकराव्यांदा आजीने तोंड उघडायच्या आधी तिनेच आजीची नक्कल केली, ‘‘समजलं नाही, पुन्हा सांग!’’ आणि दात पडलेल्या फटीतून हसू फुटलं. मग ती कागद घेऊन आली. तिने पलंग काढला, पलंगावर मुलगी, आणि मुलीच्या डोळ्यांतून जमिनीपर्यंत ठिपके.

दोना झुल्मिरांनी पडद्याला नाक लावून ते पाहिलं. मग स्वतःच्या गालांवरून दोन बोटं खाली ओढली, मूठ कानाला लावली आणि म्हणाल्या, ‘‘येस. फोन. मम्मी. एव्हरी डे.’’

‘‘एव्हरी डे?’’

‘‘एव्हरी डे!’’

एकोणीस वेळा ‘समजलं नाही’, तेवीस मिनिटं. दुकानाबाहेर आल्यावर त्यांनी त्याला ह्या वेळी रस पाजला नाही. म्हणाल्या, ‘‘मंगळवारी ये. पळालास तर उएलिंतनला तुझ्या घरी पाठवेन, ते खोकं उचलून वर्गात आणायला.’’

मंगळवारी कैलाने नववा धडा उघडला. त्याच दुपारी जोझुएचा फोन आला होता: पोरगी विचारतेय, तिचा पलंग आजीच्या पलंगाजवळ असेल का; तिकीट चार जुलैचं. दोना झुल्मिरांनी ते सगळ्या वर्गाला दोनदा सांगितलं आणि डबा फिरवला.

कैलाने फळ्यावर लिहिलं, की इंग्रजांच्या देशात कुत्री-मांजरं कोसळतात. ‘‘आपल्याकडे जोराच्या पावसात काय पडतं?’’

‘‘चाकू!’’ वर्ग ओरडला.

‘‘बरोबर. आता हे पुढचं. अदेनिल्सन, तुम्ही सांगा.’’

पुढच्या वाक्यात पाच शब्द होते. पाचही त्याला येत होते. वर्ग वाट बघत होता, आणि त्याच्या कानाच्या पाळ्या पहिल्या दिवसासारख्याच तापल्या, फक्त आता त्यात गोड काही नव्हतं.

‘‘समजलं नाही, टीचर,’’ तो म्हणाला. ‘‘पुन्हा सांगा.’’

‘‘अरे!’’ उएलिंतन मागून म्हणाला. ‘‘प्रोफेसरनेही माकडाचं देणं फेडलं!’’ फजिती झाली की आमच्याकडे असंच म्हणतात. सगळे हसले, दोना झुल्मिरा सगळ्यांत मोठ्याने.

जूनच्या पहिल्या गुरुवारी नवव्या धड्याची चाचणी झाली. वीस वाक्प्रचार, वीस गुण. निकाल कैलाने दारावर चिकटवला. दोना झुल्मिरा अकरा. उएलिंतन नऊ. अदेनिल्सन सात. त्याच्या सातव्या पुस्तकात सोडवलेली पानं: चव्वेचाळीस.