कोलुखालची पाटी

हे बघा, मला जुन्या जाहिरातींच्या पाट्यांचं वेड आहे हे तुम्हाला माहितीये. त्या लोखंडी पत्र्याच्या, एनॅमल चढवलेल्या, साबणाच्या नाहीतर टायरच्या, पूर्वी दुकानांवर असायच्या ना, त्या. सुट्टी मिळाली की मी पल्लावरमच्या बाजारात, नाहीतर भंगारवाल्यांकडे. आणि दोन हजार सहाला मला सगळ्यात भारी पाटी दिसली कुठे, तर आवडी नावाच्या उपनगरात, लोकांच्या घरी, कोलु बघायला गेले तेव्हा.

आमच्या टीममधली कृष्णवेणी माहितीये ना, तंजावरची मराठी? तिची आत्या राजसबाई. नवरा डिफेन्स फॅक्टरीत, क्वार्टर्समध्ये घर. नवरात्रात तिच्याकडे कोलु, म्हणजे पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्या, सात पायऱ्यांचा, वरून पांढरं धोतर पसरलेलं. मी खाली बसून सुंडल, प्रसादाची हरभऱ्याची उसळ, खातेय, एक हरभरा घरंगळत गेला, उचलायला वाकले, आणि धोतराच्या कडेखाली निळं काहीतरी चमकलं. कोबाल्ट निळं. मला राहवेना. मी हळूच कापड वर केलं तर 'कुयिल कॉफी', पिवळी अक्षरं, बाजूला काळा कोकीळ, कुयिल म्हणजे तोच, एक टवका उडालेला नाही. चार फूट लांब अख्खी पट्टी, पायरी म्हणून दोन ट्रंकांवर आडवी. आणि वर चेट्टियार, म्हणजे वाणी, नवरा-बायकोच्या बाहुल्या दुकान मांडून बसलेल्या. चेट्टियार हलला.

"कोण गे ती धोतर ओढणारी?" राजसबाई स्वयंपाकघरातून.

"आत्या, ती पाट्या जमवते," कृष्णवेणी म्हणाली. "जरा वेडी आहे."

"चेट्टियार पडला तर तिलाच बसवीन त्या जागी."

मी सॉरी म्हटलं, आणि त्याच श्वासात विचारलं, ही पाटी मला द्याल का, बदल्यात नवीकोरी फळी आणून देते. ती हसली. म्हणाली, "कोलु उठल्यावर ये."

दसऱ्यानंतरच्या रविवारी मी आणि कृष्णवेणी प्लायवूडची फळी घेऊन आवडीच्या लोकलमध्ये. फळी दारात अडकली, लोकांनी शिव्या घातल्या, जाऊ दे. राजसबाईनं फळी दोन्ही हातांनी दाबून बघितली.

"ही वाकते गे. माझे दगडासारखे चेट्टियार आहेत, कागदाचे नव्हेत."

"मग जाड आणते."

"नको. यजमान रिटायर होताहेत. तांबरमला लहान घर घेतले, सात पडी मावत नाहीत." पडी म्हणजे पायरी. "एक तू नेलीस तर सहा राहतात. सहा पडींचा कोलु आम्ही ठेवत नाही, एकी पाहिजे. तीन, पाच, सात. तर दोन ने."

मी म्हटलं दोन काय, चार द्या. मला वाटलं दुसरीही पाटीच असणार. ती निघाली साधी फळी.

"आणि बाहुल्या?" ती म्हणाली. "दोन पडींच्या बाहुल्या मी कोठे ठेवू? त्याही ने. पण ऐक, पाटी नुसती भिंतीला टांगायला मी देत नाही. वर्षभर टांग, पण नवरात्रात तिच्यावर बाहुल्या बसल्या पाहिजेत. मांडशील तर ने, नाहीतर राहू दे."

मी कुयिल कॉफीकडे बघत होते. बघता बघता म्हटलं, मांडीन.

परतीच्या गाडीत पायाशी चेट्टियारांची पेटी, मांडीवर पाटी, मी नुसती हवेत. आणि कृष्णवेणी शांतपणे म्हणते, "सावनी, तुझ्याकडे दोन पायऱ्या झाल्या."

"मग?"

"दोनही चालत नाहीत. आणि एकदा मांडायला लागलीस की दर वर्षी मांडायचा."

म्हणजे आम्ही तिघी, रोज कोड तपासणाऱ्या दोघी धरून, सातातून दोन वजा करून खूश होतो आणि माझ्या घरातले दोन कुणी मोजलेच नव्हते.

पुढच्या नवरात्रात शोळिंगनल्लूरच्या माझ्या फ्लॅटवर मी तिसरी पायरी शोधत होते. प्लायवूड वाकत होतं, राजसबाई खरं बोलली होती. शेवटी पलंगामागच्या भिंतीवरची माझी सायकल टायरची पाटी उतरवली, तीच जी मी नवऱ्याला, यशलासुद्धा हात लावू देत नाही, आणि ठेवली सगळ्यात वर. त्यावर आईनं कोल्हापूरहून पाठवलेला गणपती. धोतर पसरलं.

यश आला, बघितलं आणि म्हणाला, "तुझं अख्खं म्युझियम धोतराखाली गेलं की गं."

"वर बघ ना, चेट्टियार बघ."

"चेट्टियार कसली जाहिरात करतोय?"

संध्याकाळी तांबरमहून राजसबाई आली, यजमानांना घेऊन. कुंकू लावून घेतलं, पायऱ्या मोजल्या, आणि सरळ वाकून धोतर वर केलं. कुयिल कॉफी पुसलेली, लखलखीत. मग वरचं कापड उचललं, टायरची पाटी बघितली. गणपती हलला. मी पटकन पुढे होऊन तो धरला.

"ही तुझी?"

"हो."

"चांगली जड आहे." कापड नीट केलं, खाली बसली, द्रोण पुढे केला. "आता कुयिल तुझी झाली गे. सुंडल वाढ, आणि काही म्हण. कोलुपुढे म्हणल्याशिवाय आम्ही उठत नाही."

मला गाणं येत नाही. शाळेत भोंडल्याला म्हणायचो तेच म्हटलं, अर्धंमुर्धं, सुरात नाही. यजमान टाळ्या वाजवत होते, यश हसून हसून लोळत होता, आणि मी धोतराखालच्या पाटीकडे एकदाही न बघता सगळी कडवी म्हटली, आठवतील तेवढी.