बिनवाऱ्याच्या रात्री

न पाहिलेल्या जंगलावरही माणसाचं पोट भरू शकतं, हे मला जर्मनीत हॅनोव्हरला आल्यावर कळलं. आमच्या इन्स्टिट्यूटमधला श्रीनाथ त्यातलाच. पुण्याचा, माझ्याहून थोडा मोठा, इथे पोस्टडॉक, म्हणजे डॉक्टरेट झालेला संशोधक. विषुववृत्ताजवळच्या एका राखीव बेटावर आमचा टॉवर होता. झाडांच्या शेंड्यांच्याही वर लावलेली यंत्रं वाऱ्याबरोबर कार्बन वायू किती खाली जातो, किती वर येतो, ते मोजत. श्रीनाथ त्या बेटावर एकदाही गेला नव्हता. तरी मराठी मंडळाच्या गणपतीत तो जळवांच्या गोष्टी अशा रंगवून सांगे, की बायका पाय वर घेऊन बसत. जळवा लागल्या होत्या त्या मला.

२००६च्या वसंतात त्याने आकडा काढला: आमचं जंगल म्हणे आजवर मोजलेल्या सगळ्या जंगलांपेक्षा जास्त कार्बन गिळतं! आमचे प्रमुख, प्रोफेसर हाल्टमन, हरखून गेले. पेपर तयार झाला, आणि त्यावर पहिलं नाव चक्क माझं. माझ्या डॉक्टरेटला पहिल्या नावाचा एक पेपर हवाच होता आणि कॉन्ट्रॅक्ट सप्टेंबरात संपत होतं.

"विभावरी, आता कूखन तूच आणायचास हं," श्रीनाथ म्हणाला. "इथली रीतच आहे. ज्याचा आनंद, त्यानेच केक आणायचा."

केक आणण्याआधी मी तो आकडा उघडून बघितला.

रात्री झाडं श्वास सोडतात, हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. वारा असेल तर तो वायू वर येऊन यंत्रापर्यंत पोचतो. वारा पडला की झाडांखालीच साचतो आणि उतारावरून हळूहळू समुद्राकडे निघून जातो. वरचं यंत्र शून्य दाखवत बसतं. म्हणून अशा रात्री काढून टाकायच्या आणि त्यांच्या जागी वाऱ्याच्या रात्रींवरून अंदाज धरायचा, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. या शहाण्याने एकही रात्र काढली नव्हती. त्याचं जंगल दिवसभर पोटभर खात होतं आणि रात्री श्वास रोखून झोपत होतं. मी त्या बिनवाऱ्याच्या रात्री काढून टाकल्या. विक्रम गेला, जंगल जे घेत होतं त्यातलं बहुतेक परत देत होतं.

"नसते उद्योग सांगितलेत कुणी तुला?" श्रीनाथ भडकला. "पदवी हातात आलीय, गप बस ना."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"आल्झो... हे बघ, माहीत म्हणजे काय, सरांनाही माहीत आहे. सगळेच थोडंफार करतात असं."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. उद्या कुणी पकडलं तर मान कुणाची, पहिल्या नावाची. मला बक्षीस नव्हतं मिळालं, बळीचा बकरा केलं होतं. रागाने रडू आलं मला.

सोमवारच्या बैठकीत मी श्रीनाथचा आणि माझा, दोन्ही आलेख भिंतीवर दाखवले. हाल्टमननी सावकाश चष्मा पुसला.

"गेनाऊ, अगदी बरोबर," ते म्हणाले. "हा मुद्दा आपण पुढच्या पेपरात घेऊ."

"मग या पेपरावरून माझं नाव काढा."

बोलले खरी. पण चार वर्षं त्या पदवीसाठी घालवली होती.

"जशी तुमची इच्छा." हाल्टमननी पेन उघडलं. "मग पहिलं नाव श्रीनाथचं?"

"नको नको," श्रीनाथ गडबडीने म्हणाला. "माझी पर्मनंट पोस्टची मुलाखत आहे. तुमचंच घाला ना, सर."

सर खिडकीबाहेर बघू लागले. टेबलाभोवती आणखी तिघं होते, एरवी नावांच्या क्रमावरून हमरीतुमरीवर येणारे. एकाला खोकला आला, एकाला ट्राम गाठायची होती, तिसरा नुसताच आपल्या बुटांकडे बघत राहिला.

सप्टेंबरात माझं कॉन्ट्रॅक्ट संपलं, पदवीविना. पेपर म्हणे अजून हाल्टमनांच्या टेबलावरच पडून आहे. माझं नाव खोडायला कुणी धजत नाही. खोडलं तर तिथे दुसरं लिहावं लागेल.