मुळाशी टाकायचं औषध

"ओढू नको, हळू उपट," कंपनीचे दिनानाथसाहेब म्हणाले.

सोमाने मक्याच्या ताटाभोवतीची माती सैल केली आणि ताट मुळासकट वर काढलं. मुळं पांढरीशुभ्र, दाट. शेजारच्या ओळीला मुद्दामच औषध दिलं नव्हतं. तिथलं ताट हात लावताच कलंडलं. मुळं कुरतडून संपलेली, आणि मातीत अंग मुडपून पडलेली जाडजूड हुमणी अळी.

"जमलं, सोमा! भुंगेऱ्यांची पिलावळ आपण मातीतच संपवली."

सोमा खूश होऊन हसला. अंबरनाथच्या कीटकनाशकाच्या कारखान्यात तो हेल्पर होता, पण अलीकडे बदलापूरच्या चाचणीच्या शेतावरच असायचा. पेरताना ओळीत दाणेदार औषध तोच टाकायचा. कंपनीने हातमोजे दिले होते, पण ते घालून दाणे सारखे पडत नाहीत म्हणून तो काढून ठेवायचा आणि हात शर्टाला पुसायचा. संध्याकाळी घरी खोलीत पाऊल टाकलं की बायको अंजना नाक मुरडायची. "काय वास मारतोय! द्या तो शर्ट इकडे." लग्नानंतर कित्येक वर्षांनी तिला दिवस गेले होते. पोट पुढे आलं तरी कपडे तीच धूत होती.

सोमा अजून मुळं हातात धरून होता, तेवढ्यात शेताच्या गेटवरचा जयदेव धावत आला. "सोमा, घरनं फोन होता. वहिनीला दवाखान्यात नेलंय. लवकर निघ."

तो पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. मुलगी होती. रडलीच नाही.

"घरात कसली पावडर, औषध वगैरे हाताळता का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नाय हो," अंजना क्षीण आवाजात म्हणाली. "ह्यांच्या शर्टाला कंपनीतल्या औषधाचा वास येतो, तेवढाच. मी धुते ना."

बाईंनी सोमाकडे पाहिलं. "त्यानेच झालं असं नाही सांगता येत. कधी कधी काही कारण नसतानाही होतं."

अंजनाने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. सोमाने दोन्ही हात पाठीमागे नेले.

मुलीसाठी खड्डा त्याने स्वतःच खणला. खणता खणता शेतावरच्या सवयीने माती बोटांनी फोडून पाहू लागला, तसा भावाने त्याचा खांदा धरला. "सोमा, अरे काय शोधतोयस?" तेव्हा कुठे तो रडला.

कामावर परतल्यावर त्याने साहेबांना गाठलं. "साहेब, ते औषध कपड्यातनं दुसऱ्याला लागतं का?"

"हातमोजे दिले होते ना? कपडे वेगळे धुवायला सांगितलं होतं."

"वेगळेच धुवायची ती, साहेब."

दिनानाथसाहेब चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "तू आता शेतावर नको जाऊस. स्टोअरमध्ये सांगतो तुझ्यासाठी."

पण स्टोअरमध्ये जागा निघेपर्यंत शेतावर जावंच लागलं. सोमा आता घरात शिरायच्या आधी मागच्या मोरीवर बसायचा आणि शर्ट स्वतः धुवायचा. अंजनाने काही दिवस दारातून पाहिलं.

एका संध्याकाळी ती बाहेर आली. "द्या. मी धुते."

"नको."

"आता कुणाला काय होणारेय?"

सोमाने मान वर केली नाही. शर्ट घट्ट धरून तो घासतच राहिला. अंजना बादलीपाशी उकिडवी बसली आणि तांब्याने त्याच्या हातांवर पाणी घालू लागली.